घड्याळाच्या पाठीवरची तवारीख

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारातून मी एक घड्याळ आणलं. जुम्म्याच्या दिवशी पहाटे तिथे जो बाजार भरतो त्यात. विकणाऱ्यानं जुन्या चादरीवर चार्जर, चष्मे, कॅमेऱ्याच्या लेन्स आणि घड्याळं मांडली होती. त्यातलं एक काळ्या तबकडीचं होतं, चावीच्या दोन्ही बाजूंना एक-एक बटण असलेलं. पाठ फिरवून पाहिली तर वर टोक असलेला बाण, त्याखाली आकडे आणि शेवटी ४३. "दुसऱ्या महायुद्धातलं आहे सर, ब्रिटिश पायलटचं," तो म्हणाला. माझ्या खिशाला झेपेल त्यापेक्षा थोडं जास्तच त्यानं मागितलं, आणि घासाघीस न करता मी दिलं. इतिहासाचं वेड असलेल्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. त्याला वस्तू नको असते, गोष्ट हवी असते.

त्या घड्याळाचं पुढं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी ही जात काय आहे, जगभरचे लोक तिच्यामागे का लागतात, आणि हा विषय आपल्या लोकांशी कुठे येऊन भिडतो, ते सांगायला हवं.

या घड्याळांना क्रोनोग्राफ म्हणतात. नेहमीची वेळ दाखवता दाखवता मधला एखादा कालावधी वेगळा मोजून दाखवणारं घड्याळ. शब्द ग्रीक आहे. क्रोनोस म्हणजे काळ आणि ग्राफ म्हणजे लिहिणं. आजचं क्रोनोग्राफ काही लिहीत नाही, फक्त काटा हलवतं. मग हे नाव का पडलं? कारण १८२१ साली पॅरिसमध्ये निकोला रियुसेक या घड्याळजीनं घोड्यांच्या शर्यतीत जे यंत्र वापरलं ते खरोखर लिहीत होतं. घोडा रेषा ओलांडताना बटण दाबलं की फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब पडायचा. दोन थेंबांमधलं अंतर म्हणजे दोन घोड्यांमधला वेळ. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मुआने यांनी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र बनवलं होतं, तेही खगोलशास्त्राच्या निरीक्षणांसाठी. पण काळाला 'लिहिणारा' हे नाव शर्यतीच्या मैदानातून आलं आणि पुढे शाई गेली तरी नाव राहिलं. मुलांना शब्दांची व्युत्पत्ती शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून देतो. वस्तू बदलते, शब्द मागे राहतो, आणि त्या शब्दात जुन्या वस्तूचा सांगाडा सापडतो.

शाईची जागा काट्यानं घेतली, पण एक अडचण होती. काटा थांबवला तर पुन्हा शून्यावर कसा आणायचा? लंडनमध्ये काम करणाऱ्या अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये यावर उपाय काढला. हृदयाच्या आकाराचा एक छोटा तुकडा. त्यावर दट्ट्या आदळला की तुकडा कुठल्याही बाजूनं घसरत एकाच जागी येऊन थांबतो, आणि त्याला जोडलेला काटा शून्यावर. आजही चावीच्या क्रोनोग्राफमध्ये हाच बदामी तुकडा असतो. पावणेदोनशे वर्षांत त्याला फारसा चांगला पर्याय सापडलेला नाही.

शर्यतीतली ही वस्तू फौजेत गेली ती तोफखान्यामुळे. समोरच्या टेकडीमागे शत्रूची तोफ आहे. ती धडाडली की आधी लखकन उजेड दिसतो आणि आवाज नंतर येतो. उजेड दिसताच बटण दाबायचं, आवाज ऐकू येताच पुन्हा दाबायचं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सहा सेकंद लागले तर तोफ दोन किलोमीटरवर आहे. हा गुणाकार करत बसायची सैनिकावर वेळ येऊ नये म्हणून तबकडीच्या कडेला किलोमीटरचे आकडेच छापत. त्या मोजपट्टीला टेलिमीटर म्हणतात. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून वीज दिसली की मी मुलांकडून हेच करून घेतो. तीन सेकंदांना एक किलोमीटर. मुलं मोठ्यानं आकडे मोजतात, गडगडाट झाला की टाळ्या वाजवतात. पण ज्या माणसासाठी ही पट्टी छापली गेली त्याच्या आकड्याच्या शेवटी टाळी नव्हती. त्या आकड्यावर आपल्या तोफेचं तोंड फिरायचं आणि पलीकडची माणसं मरायची.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खिशातलं घड्याळ मनगटावर आलं. खंदकात ओणवं बसलेल्या, हातात बंदूक धरलेल्या माणसाला खिशातून साखळीचं घड्याळ काढायला उसंत नसते. १९१३ मध्ये लाँजिननं मनगटी क्रोनोग्राफसाठी मशीन बनवलं. १९१५ मध्ये ब्राइटलिंगनं बटण चावीपासून वेगळं करून वर नेलं, आणि १९३४ मध्ये दुसरं बटण आणलं. आज सगळ्यांना ओळखीचा असलेला दोन बटणांचा चेहरा तेव्हा तयार झाला.

त्याच काळात आपल्याकडेही फौजेच्या नावाचं एक घड्याळ होतं. ते क्रोनोग्राफ नव्हतं, साधं तीन काट्यांचं किंवा त्याहूनही साधं. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईशी जोडलेली, माल स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिए गावातला. तिच्या सर्वांत नावाजलेल्या घड्याळाचं नाव होतं सोवार. म्हणजे फारसीतला, उर्दूतला सवार, मराठीतला स्वार, घोडदळातला शिपाई. स्विस कारखान्यानं हिंदुस्थानी फौजेला माल विकण्यासाठी आपल्या तबकडीवर आपलाच शब्द रोमन लिपीत छापला. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदुस्थानी माणसं समुद्रापार गेली. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका. त्यात मराठे होते, महार होते, पंजाबी मुसलमान होते, पठाण होते, शीख होते, गुरखे होते. माझ्या नानांकडे एक सोवार होतं. ते काही युद्धातलं नव्हतं, आखातात नोकरीला गेलेल्या त्यांच्या भावानं आणलेलं. अरबांमध्ये या घड्याळाची फार चलती होती, आजही जुने लोक नाव काढतात. नाना रोज फजरनंतर त्याला चावी देत. घड्याळाला चावी देणं हे माझ्या लहानपणी अजानेइतकंच ठरलेलं काम होतं.

क्रोनोग्राफचा खरा सुवर्णकाळ आला विमानांबरोबर. तेव्हाच्या वैमानिकाजवळ ना उपग्रह होता ना पडदा. ढगांमध्ये उडताना त्याच्याकडे तीनच गोष्टी होत्या. होकायंत्रानं दाखवलेली दिशा, विमानाचा वेग आणि वेळ. या दिशेनं, या वेगानं, इतकी मिनिटं, मग वळण. पुन्हा नवी दिशा, पुन्हा शून्यापासून मोजणी. साध्या क्रोनोग्राफमध्ये यासाठी तीन वेळा बटण दाबावं लागतं. थांबव, शून्यावर आण, सुरू कर. ताशी काही शे किलोमीटर वेगात तेवढ्यात विमान बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून फ्लायबॅक आलं. एकदाच दाबायचं, चालता काटा उडी मारून शून्यावर येतो आणि बोट उचलताच पुन्हा पळू लागतो.

जर्मनीत हानहार्ट आणि ग्लासहुटे गावातल्या टुटिमा या नावांनी वैमानिकांसाठी अशी घड्याळं बनली. टुटिमाच्या घड्याळातलं मशीन १९४१ मध्ये आलं आणि ते फ्लायबॅक होतं. ८ मे १९४५ रोजी, युरोपातल्या युद्धाच्या शेवटच्या दिवशी, ग्लासहुटेवर सोव्हिएत विमानांनी बॉम्ब टाकले. त्यानंतर कारखान्यांमधली यंत्रसामग्री युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत संघानं उचलून नेली. काही वर्षांतच मॉस्कोच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या क्रोनोग्राफमध्ये तेच जर्मन मशीन टिकटिकत होतं. तिकडे फ्रान्सलाही भरपाई हवी होती. हानहार्टच्या मशीनवर विक्सा नावाची घड्याळं तयार होऊन फ्रेंच हवाई दलाकडे गेली. हरलेल्या देशाचं घड्याळ जिंकलेल्या देशाच्या मनगटावर, तबकडीवरचं नाव मात्र दुसरं. इतिहासाच्या पुस्तकात तह, सीमा आणि नुकसानभरपाईच्या रकमा लिहिलेल्या असतात. भरपाई म्हणजे नेमकं काय, ते कुणी मला विचारलं तर मी या मशीनकडे बोट दाखवीन.

फ्रेंचांनी मग १९५०च्या दशकात आपली अटच लिहून काढली. तिला टाइप २० म्हणतात. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, फ्लायबॅक, दिवसाला आठ सेकंदांपेक्षा जास्त चूक नको, एकदा चावी दिली की पस्तीस तासांहून जास्त चाललं पाहिजे, आणि बटणांनी तीनशे वेळा सुरू-बंद होणं सोसलं पाहिजे. ब्रेगे, दोदान, ओरिकोस्त, मातेय-तिसो, एरँ अशा वेगवेगळ्या घरांनी ही एकच अट पाळत घड्याळं बनवली. म्हणून ती चुलतभावांसारखी दिसतात. त्यांच्या पाठीवर एक खास गोष्ट आहे. 'एफजी' ही अक्षरं आणि पुढे तारीख. दुरुस्तीनंतरची हमी कधी संपते ती तारीख. प्रत्येक सफाईनंतर नवी तारीख कोरली जायची. काही घड्याळांच्या पाठीवर अशा चार-पाच तारखा एकाखाली एक दिसतात, शाळेच्या दाखल्यावरच्या शेऱ्यांसारख्या.

ब्रिटिशांची पद्धत वेगळी. त्यांचा तो बाण, तीन रेषांचा, वर टोक असलेला, शतकानुशतकं सरकारी मालाची खूण होता. तोफेवर, तंबूवर, करवतीवर, घड्याळावर. हिंदुस्थानातल्या फौजी सामानावरही तो असायचा. बाणाखालचे आकडे वाचता आले की घड्याळ बोलू लागतं. ०५५२ म्हणजे आरमार. ६ बीबी म्हणजे हवाई दल. डब्ल्यू १० म्हणजे पायदळ आणि बाकीची फौज. तिरप्या रेषेनंतरचे दोन आकडे म्हणजे साल. पुढे नाटोचे क्रमांक आले. त्यातला ६६४५ हा वेळ मोजणाऱ्या उपकरणांचा वर्ग, आणि त्यानंतरचे दोन आकडे देशाचे. ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट अशी की ही घड्याळं कुणाचीच नव्हती. सैनिकाला ती सही करून मिळायची आणि काम संपलं की परत करायची. त्याच्या आईबापांनी लग्नात दिलेली नव्हती, त्याच्या पगारातून घेतलेली नव्हती. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. पाठीवर घड्याळ वापरणाऱ्याचं नाव नसतं, खात्याचा क्रमांक असतो. म्हणून अशा घड्याळाबरोबर 'अमुक पायलटनं तमुक मोहिमेत वापरलेलं' अशी गोष्ट जोडून आली, आणि कागद नसला, तर आधी कान टवकारावेत. एकच घड्याळ दहा हातांतून गेलेलं असू शकतं.

आणि काही हात तर फौजेतलेही नव्हते. अंधारात चमकण्यासाठी काट्यांना रेडियमचा रंग लावला जायचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि इलिनॉय इथल्या कारखान्यांमध्ये तरुण मुली हे काम करत. ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरायला त्यांना शिकवलं गेलं होतं. जबड्याची हाडं सडली, अनेक जणी गेल्या. न्यू जर्सीच्या पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीनं मिटला. अशा जुन्या तबकड्या आज चमकत नाहीत, कारण रेडियमबरोबर मिसळलेला चमकणारा पदार्थ झिजून जातो. पण रेडियम सोळाशे वर्षांत निम्मं होतं. म्हणजे ते अजून तिथेच आहे. घरी कुणाकडे असं घड्याळ असेल तर त्याची काच उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. पुढे, १९६०च्या सुमारास, रेडियमची जागा त्यामानानं सौम्य ट्रिटियमनं घेतली. ब्रिटिश फौजी तबकड्यांवर तेव्हापासून एका गोलात इंग्रजी 'टी' हे अक्षर दिसू लागलं.

आता माझ्या घड्याळाकडे येतो.

आमच्या गावात एक म्हातारे घडीसाज आहेत. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. पन्नासेक वर्षं मुंबईत काम करून ते गावी परतले. मी घड्याळ त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आधी तबकडी पाहिली, मग पाठ. मग पुन्हा तबकडी. हसले आणि म्हणाले, "मास्तर, इस घडी की पीठ कुछ बोलती है और चेहरा कुछ और."

पाठ म्हणत होती १९४३. आणि तबकडीवर, सहाच्या आकड्याच्या वर, गोलात 'टी'. जी खूण १९६०च्या आसपास आली ती १९४३च्या घड्याळावर कशी? मी इतिहासाची पुस्तकं वाचणारा माणूस, आणि इतकी ढोबळ कालविसंगती माझ्या नजरेतून सुटली होती. कारण मला ती पाहायचीच नव्हती.

चाचांनी पाठ उघडली. बाण नवा होता, कोरलेल्या रेषांच्या कडा अजून धारदार होत्या. तबकडी नव्यानं रंगवलेली. रंगवणाऱ्यानं कुठल्यातरी फोटोवरून नक्कल केली होती आणि तो 'टी' काय आहे ते न कळताच उतरवला होता. जुन्या काळी न समजलेला शब्द कातिब जसाच्या तसा उतरवायचा, तसं. आतलं मशीन मात्र खरं होतं, स्विस, साधं, कुठल्याही फौजेशी संबंध नसलेलं, आणि छान चालत होतं.

जगभरच्या घड्याळ जमवणाऱ्यांमध्ये अशा मालाला एक नाव आहे. 'मुंबई स्पेशल.' रंगवलेली तबकडी, इकडचे काटे, तिकडची पाठ, भडक रंग आणि स्वस्त भाव. ते नाव ऐकलं की मला दोन्हीकडून लागतं. फसवला गेलेला ग्राहक म्हणून लागतं आणि मुंबईच्या कारागिरांचा शेजारी म्हणूनही. त्या नावात हेटाळणी आहे, आणि ज्या हातांची हेटाळणी आहे त्यात आपल्या वस्तीतले हात बरेच आहेत.

मी चाचांना सरळ विचारलं, "तुम्हीही तबकड्या रंगवल्यात का?" त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, हो, शेकडो. मग त्यांनी सांगितलं त्याचा सार असा. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. माल चोरट्या मार्गानं यायचा, पण सुटे भाग कुठून येणार? बंगळूरला १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं एचएमटीची घड्याळं सुरू झाली, तरी लोकांच्या घरी जुनी स्विस घड्याळं होतीच. वडिलांचं घड्याळ घेऊन माणूस यायचा. तबकडी दमटपणानं काळी पडलेली, आकडे दिसत नाहीत. त्याला संग्रह करायचा नव्हता, वेळ बघायची होती. मग तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचा काटा बसवायचा. एका घड्याळाचं मरण दुसऱ्याच्या कामी यायचं. "ते आम्ही सांगून करायचो," चाचा म्हणाले. "गिऱ्हाइकाला माहीत असायचं."

फरक इथेच आहे. फाटलेली सदरी रफू करणं ही कारागिरी आहे, आणि रफू केलेली सदरी नवी म्हणून विकणं ही लबाडी. काम एकच, हातही कदाचित एकच. मध्ये फक्त एक वाक्य गाळलेलं आहे. आपल्या जुन्या बाजारांमध्ये मालातला ऐब आधी सांगावा आणि मग भाव बोलावा, ही रीत होती. ज्या कारागिरानं माझ्या तबकडीवर 'टी' काढला त्याला त्या कामाचे किती पैसे मिळाले असतील? आणि बाणाची गोष्ट रचून विकणाऱ्याला किती? हेटाळणी मात्र दोघांच्या वाट्याला सारखी आली, किंवा बिचाऱ्या कारागिराच्या वाट्याला जास्तच.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. चीनमध्ये १९६१ साली तिअँजिनच्या कारखान्यात हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवण्याचं काम हाती घेतलं गेलं, प्रकल्प ३०४. स्विस व्हीनस कंपनीच्या १७५ क्रमांकाच्या मशीनची सामग्री विकत घेऊन त्यावर. अस्सल घड्याळं बनली सुमारे १४००. या शतकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्याच्या वारसदारांनी ती पुन्हा काढली आणि आज '१९६३' या नावानं ती ढिगानं मिळतात. नवं घड्याळ नवं म्हणून घेतलं तर ते चांगलंच आहे. पण त्यातलंच एखादं घासून, मळवून 'चिनी वैमानिकाचं मूळ घड्याळ' म्हणून विकणारेही आहेत. झीज रंगवता येते, हे तेव्हा मला कळलं. पुरावा नवा चकचकीत करून जसा बिघडवता येतो, तसा जुना करूनही बिघडवता येतो.

इतिहास वाचणाऱ्या आपल्या लोकांसाठी यात एक गोष्ट आहे. आपल्याविषयी रंगवलेल्या तबकड्या बाजारात खूप आहेत, हे आपण रोज बघतो आणि चिडतो. चिडायलाच हवं. पण आपणही घरच्या वस्तूंना, घराण्यांना, पूर्वजांना गोष्टी चिकटवतो. कुणाचे पूर्वज सुभेदार होते, कुणाची तलवार अमुक लढाईतली. कागद विचारला की राग येतो. दुसऱ्याच्या घड्याळाची पाठ उघडायची तर आपल्याही घड्याळाची उघडावी लागते. नानांच्या सोवारबद्दल मी लहानपणी शाळेत सांगत असे की ते पहिल्या महायुद्धातलं आहे. तसं ते नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

कुणाला ही घड्याळं जमवायचीच असतील तर चार साध्या गोष्टी सांगतो. गोष्ट ऐकण्याआधी पाठ वाचा. पाठीवरचं साल आणि तबकडीवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का पाहा. पाठ उघडून मशीन पाहू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. आणि डागाळलेली पण मूळ तबकडी दिसली तर तिला हात लावू नका. डाग हा तिचा दाखला आहे.

माझं घड्याळ मी परत करायला गेलो नाही. ते आता शाळेतल्या माझ्या कपाटात असतं. दरवर्षी नववीच्या वर्गात इतिहासाची साधनं हा धडा आला की इतिहासाच्या बाई ते मागून नेतात. मुलांना भिंग देतात आणि विचारतात, यातलं खोटं कुठे आहे ते शोधा. आधी 'टी' म्हणजे काय ते सांगतात, मग गप्प बसतात. गेल्या वर्षी एका मुलीनं दोन मिनिटांत पकडलं. घड्याळाच्या डबीत एक चिठ्ठी आहे, चाचांनी सांगितलेली आणि मी लिहिलेली, मराठीत आणि उर्दूत. पाठ खोटी. तबकडी रंगवलेली. मशीन अस्सल, सफाई केलेली, दिवसाला वीस सेकंद पुढे जातं.